राखेखालची पावलं

१२ जानेवारी १९३६, खारपिंपरी

अखेर पोचलो. थकवा आहे, पण मन इतकं खुशीत आहे की कंदील जवळ ओढून लिहायला बसलो.

नांदुऱ्याला उतरलो तेव्हा स्टेशनाबाहेरचा रस्ता कापसाच्या गाड्यांनी भरून गेला होता. हवेत इतका कापूस उडत होता की माझा काळा कोट पाहता पाहता म्हातारा झाला. इथल्या हिंमतराव पाटलांनी बैलांची दमणी पाठवली होती. हाकणारा पुंजाजी नावाचा हसरा गडी. वरवट बकालच्या अलीकडे डावीकडे वळून खारपिंपरी लागते. वाटेत पूर्णा नदी पात्रातूनच ओलांडली. बैलांच्या पोटाला पाणी लागत होतं आणि पुंजाजी त्यांच्याशी घरच्या माणसांसारखा बोलत होता. मी कशाला आलो म्हणून त्याने विचारलं. जुन्या माणसांचे दगड शोधायला, असं सांगितल्यावर तो खूप हसला. म्हणाला, "मास्तर, आमच्याकडे कुत्र्याले माराले गोटा नाही भेटत. सारी काळी मातीच हाये."

माझी सोय जुन्या मिठाच्या चौकीत केली आहे. या खारपट्ट्यात पूर्वी खोल विहिरींच्या पाण्यातून मीठ काढत. सरकारने ते बंद केल्यापासून चौकीत पाटलांचा कापूस असतो. एक खोली माझ्यासाठी रिकामी करून सारवून ठेवली आहे. खिडकीतून सातपुड्याची निळी रेघ दिसते. पाटलांच्या घरून, मंजुळाबाईंच्या हातचं जेवण आलं: ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. इथल्या विहिरींचं पाणी इतकं खारं की चहा फाटतो, म्हणून गोडं पाणी लांबून गाडीवर आणतात.

नागपूरच्या कचेरीत नकाशे काढून काढून मान मोडली होती. दोन महिने मोकळ्या हवेत काम. वच्छला घरी एकटी आहे, तिला उद्या पत्र टाकीन.

१३ जानेवारी

ज्यांच्या कामासाठी आलो ते प्रोफेसर ठोसर कालपासूनच इथे आहेत. आज सकाळी त्यांनी मला विहीर दाखवली. पाटलांच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, शेतात मधोमध आहे. तोंडावर बाभळीच्या जाड फळ्यांचं झाकण होतं, ते काढून बाजूला रचलं आहे. अशा विहिरी आता बहुतेक बुजल्या, एवढी एकच बुजायची राहिली.

ठोसरसाहेबांचं म्हणणं त्यांनी मला नीट समजावलं. या देशात माणूस पहिल्यांदा कधी आला, हा त्यांचा प्रश्न. बऱ्याच विद्वानांच्या मते तो फार उशिरा आला. साहेबांना ते पटत नाही. कोणे एके काळी फार दूरचा ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख वाऱ्यावर येऊन या भूमीवर पडली. पूर्णेच्या गाळात ती एका पांढऱ्या पट्ट्यासारखी दबून राहिली आहे. राखेच्या वर माणसाची हत्यारं मिळाली तर त्यात विशेष काही नाही. राखेच्या खाली, जागच्या जागी, हात न लागलेलं एखादं जरी मिळालं, तर माणूस राखेच्या आधीच इथे पोचला होता हे कुणालाही मान्य करावं लागेल. एवढ्या खोलवर खणायला माणसं आणि वर्षं लागली असती. मीठवाल्यांनी ते काम आधीच करून ठेवलं आहे. आपण फक्त विहिरीच्या भिंती वाचायच्या, आणि मी त्यांची चित्रं काढायची.

बोलताना ते लहान मुलासारखे उजळले होते. मलाही ते वेड लागलं असं वाटतं.

१५ जानेवारी

आज पहिल्यांदा खाली उतरलो. विहिरीवर चाक बसवलं आहे आणि मोटेसारखी धाव, बैलांसाठी उतरती वाट, केली आहे. बैल धावेवरून मागे सरले की दोराला बांधलेला पाळणा खाली जातो, धाव उतरले की वर येतो. पाळणा म्हणजे लाकडी पाट. त्यावर एकानेच बसायचं, पाय खाली सोडून. आधी पेटता कंदील खाली सोडून हवा चांगली आहे ना ते पाहतात.

बैल पुंजाजीकडे. माझ्याबरोबर काम करायला मोतीराम आहे, पाटलांकडचाच सालाने ठेवलेला गडी, तिशीतला, धट्टाकट्टा. काम करताना सारखा काहीतरी गुणगुणतो. त्याची बायको गीताबाई दुपारी भाकर घेऊन येते आणि काठावर बसून त्याच्याशी विहिरीतच गप्पा मारते. हसणं वर-खाली घुमत राहतं.

उतरताना आधी काळी माती, मग चुनखडीचे खडे असलेली पिवळी माती, आणि सात-आठ पुरुष खोलीवर तो पांढरा पट्टा. हाताला पिठासारखा लागतो, पण भिंगाखाली पाहिलं तर काचेच्या बारीक कपच्या. त्याच्याखाली लालसर, विटेसारखी टणक माती. नेमकं तिथेच मीठवाल्यांनी दम खायला भिंतीत एक कोनाडा कोरला आहे, दोन माणसं वाकून बसतील एवढा. तिथे पाळणा सोडून उतरता येतं. त्याखाली अजून खूप खोल, आणि तळाशी खारं पाणी. दगड टाकला तर आवाज येतो, दिसत मात्र काही नाही.

१९ जानेवारी

सापडलं. कोनाडा आत वाढवत असताना राखेच्या पट्ट्याखाली, लाल मातीत घट्ट रुतलेलं. बदामाच्या आकाराचं दगडी हत्यार, दोन्ही बाजूंनी छिललेलं, हातात धरलं की बोटं आपोआप जागच्या जागी बसतात. मोतीरामने ते धरून पाहिलं आणि म्हणाला की हे तर कालच कोणी ठेवून गेल्यासारखं वाटतं.

ठोसरसाहेब स्वतः उतरून बघून आले. वर आल्यावर काठावरच बसले. मग म्हणाले, या भागात दगडच नाही, म्हणजे हा कुणीतरी सातपुड्यातून उचलून इथवर आणला. चालत. ते लगेच नागपूरला निघाले. कॅमेरा आणायचा आहे, साक्षीला आणखी एका जाणत्याला आणायचं आहे. तोवर काम माझ्यावर सोपवलं.

२३ जानेवारी

घाईत लिहितो आहे म्हणून अक्षर वाकडं येतंय.

कोनाडा आता लहानशा भुयाराएवढा झाला आहे. आज राख ब्रशने झाडताना खालच्या लाल मातीत एक खळगा दिसला. मग आणखी एक. राख काढत गेलो तशी टाच दिसली, तळव्याचा बाक, आणि पाच बोटं. पावलं आहेत. माणसाची पावलं. ओल्या मातीवर चालले, माती सुकली, वर राख पडली, आणि ती तशीच राहिली.

एक नाही, पुष्कळ. मोठी माणसं आहेत, एक लेकरू आहे. सगळी एकाच दिशेने, पश्चिमेकडून पूर्वेकडे, म्हणजे भुयाराच्या आतून विहिरीकडे. सर्वांत पुढे एक मोठं पाऊल, करंगळी बाहेर वळलेली, बहुधा कधीतरी मोडलेली. मी माझा तळहात त्या टाचेत ठेवून पाहिला. खूप भरून आलं.

विहिरीने त्यांची वाट मधोमध कापली असणार. म्हणून मोतीरामला समोरच्या भिंतीतला तोच थर साफ करायला लावला. तिथे काही नाही. एकही पाऊल नाही. म्हणजे ते इथवर आले आणि पुढे गेले नाहीत. साहेबांना तार पाठवली.

२६ जानेवारी

दोन दिवस मन लावून चित्र काढलं. प्रत्येक पाऊल मापाने, जागच्या जागी.

आज संध्याकाळी वर येताना पाळणा मधेच थांबला. पुंजाजी बैलांना ओरडत होता. वर आल्यावर पाहिलं तर बैलांच्या तोंडाला फेस. त्याने विचारलं की पाळण्यात दगड भरून आणले का. मी एकटाच होतो, हातात चित्राची फळी आणि पेन्सिल.

रात्रीच्या जेवणाला पाटलांकडे गेलो तेव्हा हे सांगितलं. हिंमतराव हसले. म्हणाले की त्यांच्या आजोबांच्या काळीही मीठवाले असंच सांगत. दोर खाली जाताना हलका आणि वर येताना जड. सरकारने मीठ बंद करण्याच्या आधीच आजोबांनी ही विहीर बंद केली होती. त्यांना स्वतःला यातलं काही पटत नाही. खारी हवा लागून दोर फुगतो आणि जड होतो, एवढंच. मंजुळाबाई वाढत होत्या. माझ्या ताटात वाढायची भाकर त्यांनी तशीच हातात धरून ठेवली होती.

२९ जानेवारी

माझी चूक असणार. नीट लिहून ठेवतो.

काल संध्याकाळी भुयाराची जमीन मी स्वतः झाडली. चित्र त्यानंतर पुरं केलं. आज सकाळी गेलो तर विहिरीच्या कडेजवळ एक पाऊल जास्त आहे. करंगळी बाहेर वळलेलं. यात राख भरलेली नाही, स्वच्छ आहे. ही माती इतकी टणक आहे की छिन्नीचं टोक बोथट होतं. तिच्यावर आज कुणाचं पाऊल उमटणं शक्यच नाही.

मोतीरामला विचारलं. तो गुणगुणायचा थांबला. म्हणाला, काल हे नव्हतं. मग म्हणाला, असेल, आपल्याले दिसलं नसेल. मीही तेच म्हणालो. चित्रात ते पाऊल भरलं.

एक गोष्ट मात्र लिहायला हवी. भुयाराच्या टोकाशी, जिथे राखेची भिंत आहे, तिथून थंड वारा येतो. मागे तर नुसती माती असायला हवी.

३१ जानेवारी

अंगात ताप. खाऱ्या पाण्याने पोट बिघडलं. उठवत नाही.

पावलांवर गोणपाट अंथरून ठेवायचं होतं, साहेब येईपर्यंत काही होऊ नये म्हणून. खरं तर ते काम माझं. मोतीराम म्हणाला, तुम्ही झोपा, मी जातो. त्याच्याबरोबर माझी पाण्याची सुरई पाठवली.

दुपारी पुंजाजी धावत आला. पाळणा वर घेताना एक बैल गुडघ्यांवर बसला, पण ओढला कसाबसा. मोतीराम वर आला आणि पाळण्यातून उतरून कुणाकडे न बघता चालू लागला. पुंजाजीने हाक मारली तर वळला नाही.

खराब हवा लागली असेल. विहिरींत असं होतं. डोकं सुन्न होतं, माणूस भांबावतो. मी पुंजाजीला तसंच सांगितलं. त्याने मान हलवली. विश्वास ठेवला असं वाटलं नाही.

१ फेब्रुवारी

ताप उतरला, पण बरं वाटत नाही.

सकाळी गीताबाई चौकीवर आली. दारातच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आजवर कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं. ती रडत नव्हती. म्हणाली, "मास्तर, हे मायं मानूस नोहे. तोंड त्याईचंच हाये, पन आत ते नाहीत."

मी तिच्या घरी गेलो. मोतीराम अंगणात उभा होता, पूर्वेकडे तोंड करून. रात्रभर तसाच उभा होता, जेवला नाही, बोलला नाही, असं ती म्हणाली. मी त्याच्या दंडावर हात ठेवला. विहिरीच्या भिंतीवर ठेवल्यासारखं गार. त्याने माझ्याकडे पाहिलं. जनावर पाहतं तसंही नव्हतं ते. खूप लांबून कुणी पाहावं तसं.

गीताबाईने नवऱ्याच्या पावलांकडे बोट दाखवलं. अंगण नुकतंच सारवलेलं, त्यात त्याची पावलं उमटली होती. करंगळी बाहेर वळलेली.

मोतीरामची बोटं सरळ आहेत. ती त्याची बायको. तिला कळणार नाही तर कुणाला.

संध्याकाळ

तो गेला. दिवस मावळायच्या आधी पऱ्हाट्यांमधून सरळ पूर्वेकडे चालू लागला. पुंजाजी, हिंमतराव, मी, सगळे उभे राहून पाहत होतो. कुणी अडवलं नाही. तो आडव्या बांधांवरून, काट्यांतून चालत गेला, एकदाही वाट न बदलता. दिसेनासा होईपर्यंत चालत होता.

मंजुळाबाई मग बोलल्या, नवऱ्यासमोरच. सासूने सांगितलेलं. मागेही एक मीठवाला असाच जड दोराने वर आला, असाच उगवतीकडे चालता झाला. दुसऱ्या दिवशी विहिरीतून त्याचाच आवाज यायला लागला, मला वर घ्या म्हणून. लोकांना वाटलं, भुताटकी आहे. फळ्या टाकल्या. आवाज पुढे बरेच दिवस येत होता.

त्या एवढंच म्हणाल्या की, तो आवाज जिवंत माणसाचा होता, हे सासूला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं.

हिंमतराव मान खाली घालून बसले.

२ फेब्रुवारी, सकाळ

झोपलो नाही. उजाडताच विहिरीवर गेलो. गीताबाई माझ्या आधी तिथे होती, काठावर पालथी पडून.

मोतीरामचा आवाज. खालून. घसा पार सुकलेला.

"मले वर घ्या ना बे. काऊन घेऊन नाही राह्यले?"

ठोसरसाहेब सकाळच्या गाडीने कॅमेरा घेऊन आले. घडलं ते सगळं त्यांना सांगितलं. ते म्हणतात, जो गेला तो दुसराच कुणी असेल, भांबावलेला वाटसरू. त्यावर मी वाद घातला नाही. खाली माणूस जिवंत आहे एवढं त्यांनाही ऐकू आलं.

हिंमतराव फळ्या टाकू म्हणाले. ओरडून नाही, हात जोडून. गावात लेकरंबाळं आहेत म्हणाले. पुंजाजी बैलांना हात लावायला तयार नाही. गीताबाईने त्याच्या हातून कासरा घेतला. म्हणाली, बैल मी हाकते.

उतरायला कुणी नाही. मीच जातो. त्या दिवशी मीच जायला हवं होतं. ही वही आणि पेन्सिल कोटाच्या खिशात आहे. वच्छलेला पत्र लिहायचं होतं, ते राहिलं.

दुपार, खाली

मोतीराम सापडला. भुयारातच होता, कडेला भिंतीशी अंग चोरून. सुरईतल्या पाण्यावर राहिला. ओठ फुटले आहेत, डोळे उघडत नाहीत, पण तोच आहे. ऊब आहे अंगात. बोटं सरळ.

एवढंच पुटपुटला की, तो पाळण्यात बसायला वळला तर पाळणा आधीच वर चालला होता. त्यात कोणीतरी बसलेलं होतं. मग त्याने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाला, आत बघू नका.

मी आत बघितलं नाही. कंदील त्या बाजूला फिरवला नाही. पण गार वारा पाठीवर येतो आहे. राखेची भिंत पडलेली असणार. ओल्या राखेचा वास. आणि कुणीतरी श्वास घेतं तसा आवाज. एकाचा नाही.

मोतीरामला पाटावर बसवून धोतराने दोराला बांधलं. दोन माणसांचं ओझं पाळण्याला पेलायचं नाही. आधी त्याला, मग मला. दोर हलवून खूण केली. पाळणा वर चालला आहे. मी कडेशी बसून लिहितो, म्हणजे मागे बघायला नको.

बैल थांबले. पुन्हा ओढतात. पुन्हा थांबले —

पाळण्यातून चार पाय लोंबत आहेत.

त्यानंतर

मी ओरडलो. खूप ओरडलो. विहिरीत आवाज इतका घुमतो की वर काय पोचतं कोण जाणे.

वर पोचले. गीताबाईच्या रडण्याचा आवाज. आनंदाचं रडणं. हिंमतराव म्हणतात, दोघंही आले, दोघंही आले.

दोघंही.

ठोसरसाहेब कुणाशी तरी बोलत आहेत. विचारत आहेत, पावलं सुखरूप आहेत का, आत आणखी काय आहे. त्यांना उत्तर मिळतं आहे. आवाज अडखळतो, नवा शिकल्यासारखा. पण तो माझा आवाज आहे. मी तो ओळखतो. तो म्हणतो, आत काही नाही. राखच आहे.

साहेब हसले. त्याच्या पाठीवर थाप मारल्याचा आवाज आला.

पाळणा परत खाली येत नाही.

कंदिलाची वात खाली केली. तेल —

मागून आता जवळ. ते मला हात लावत नाहीत. रागावलेलेही नाहीत. उभे आहेत, बस्स. नावेची वाट पाहत उभे राहतात तसे. मध्ये लेकरू आहे, त्याचा श्वास खालून येतो, माझ्या खांद्याशी. इतकी वर्षं इथेच. पोचायचं होतं फक्त.

मलाही पोचायचं आहे. हे त्यांना कसं सांगू.

तो आता नांदुऱ्याला जाईल का. गाडीत बसेल का. नागपूरला दार वच्छला उघडेल. तिला कळेल का — गीताबाईला कळलं तसं — कळलं तर ती काय —

वर माझा आवाज सांगतो आहे की विहीर बंद करा. हवा वाईट आहे. साहेब नको म्हणत आहेत, कॅमेरा, एक दिवस तरी. हिंमतराव म्हणतात, बस झालं साहेब. फळ्या ओढल्याचा आवाज.

पुन्हा ओरडलो. वर सगळे गप्प झाले. ऐकलं त्यांनी. ऐकलंच.

कुणीतरी विचारलं, हे काय. हिंमतरावांचा आवाज कापतो आहे.

गीताबाई विचारते आहे. स्पष्ट ऐकू येतंय. "मास्तर, खाली कोन हाये?"

माझा आवाज म्हणाला, "खाली कोणी नाही."

पहिली फळी. विहिरीवरचा उजेड अर्धा झाला.

दुसरी —

गीताबाई वाकली आहे. काठावर तिचं डोकं दिसतं. मी वात मोठी केली, कंदील हलवतो आहे. माझे पाय पुढे केले, उजेडात, तिला बोटं दिसावीत म्हणून. ओरडत नाही आता, नुसता हलवतो आहे —

तिने पाहिलं.

पाहिलं तिने. मागे वळून त्याच्याकडे बघते. पुन्हा माझ्याकडे. तिच्या हातात फळी आहे. गीताबाई. तिने ती उचलली आहे, आता ती बाजूला टाकते आहे की